फावल्या वेळाचा रकाना

रिटायर झाल्यापासून जो भेटतो तो एकच प्रश्न विचारतो, "आता वेळ कसा घालवता?" विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण मला हा प्रश्न ऐकूनच थकवा येतो. एकेकाळी मी स्वतः हा प्रश्न छापील कागदावर घेऊन माणसांना विचारत फिरलो आहे. त्याचं एक उत्तर लिहिताना मी एका माणसाचं नुकसान केलं. चुकून केलं, पण मीच केलं.

स्वातंत्र्यानंतरची काही वर्षं मी नागपूरच्या एका कापडमिलमध्ये टाइमकीपर होतो. शहरातल्या मोठ्या मिलांची नावं सगळ्यांना ठाऊक आहेत. आमची त्यांतली नव्हे. लहानशी, कोंदट, मालक बदलत राहायचे आणि भोंगा तेवढा तोच राहायचा. मी गेटच्या खोलीत बसे. सकाळी साडेसहाला खिडकी उघडायची, बिल्ले घ्यायचे, हजेरी मांडायची, सातचा भोंगा झाला की खिडकी लावायची. मग उशिरा आलेल्यांचं रडगाणं ऐकायचं. साडेतीनला पाळी सुटली की तेच सगळं उलट्या बाजूने.

खुर्चीवर बसून कसले आले कष्ट, असं माझे सासरे म्हणत. त्यांचं खोटं नव्हतं. पण नऊ तास माणसं येताना आणि जाताना बघितली की संध्याकाळी मला कोणाचं तोंड बघवत नसे. महाल भागातल्या आमच्या दोन खोल्यांत मी यायचो, पाय धुवायचो, खाटेवर पडून पाय भिंतीला टेकवायचो आणि आढ्याकडे बघत राहायचो. बायको विचारी, "अजी, चहा घेता का?" मी हूं म्हणे. चहा येऊन थंड होई आणि ती तो पुन्हा आत घेऊन जाई. माझा फावला वेळ म्हणजे एवढाच.

एका वर्षी मिलमध्ये कामगार कल्याणाचे साहेब आले. नवीन कायद्याने असा एक माणूस ठेवावा लागत होता. ते मुंबईहून शिकून आलेले, वयाने माझ्याहून लहान, बोलणं गोड. माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवतो. नाहीतर पुढचं वाचून तुम्ही सगळा राग त्यांच्यावर काढाल आणि मी सुटेन.

साहेबांचं म्हणणं असं होतं की माणूस कामावर कसा आहे हे कामावर बघून कळत नाही, कारण तिथे सगळ्यांवर जॉबरचा, म्हणजे मुकादमाचा, डोळा असतो. माणूस ओळखायचा तो पाळी सुटल्यावर. जो आपला रिकामा वेळ नीट घालवतो तोच काम नीट करतो, आणि ज्याचा वेळ वाया जातो त्याचं कापडही वाया जातं. "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, असं आपण म्हणतोच ना?" ते मला म्हणाले. मी हसलो. साहेबांपुढे हसण्यात आपलं काय जातं?

त्यांनी कागद छापून घेतले. नाव, बिल्ल्याचा नंबर, वय, शिक्षण, गैरहजेरी, आणि खाली चांगला चार बोटं रुंद रकाना: फावल्या वेळात काय करता? साचेखात्यातल्या, म्हणजे जिथे यंत्राचे माग चालत त्या खात्यातल्या, प्रत्येकाचा कागद मी भरायचा. कोणाच्या कापडात किती खराबी निघते ते साहेब कापड तपासून घड्या घालणाऱ्या फोल्डिंग खात्यातून घेऊन त्याच्या शेजारी मांडणार. "याचा कोणाच्या नोकरीशी संबंध नाही, हे त्यांना स्पष्ट सांगा," ते म्हणाले. मी तसं सगळ्यांना सांगितलं. माझा स्वतःचाही त्यावर विश्वास होता.

नमुना म्हणून पहिला कागद मी माझाच भरला. शेवटच्या रकान्याशी आल्यावर टाक अडला. खाटेवर पडतो, असं कसं लिहिणार? मी लिहिलं, वाचन. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती पोळी लाटता लाटता थांबली. "काय वाचता जी? जिऱ्याच्या पुडीचा कागद?" असं म्हणून ती पुन्हा लाटायला लागली. मला राग आला आणि मी खाटेवर जाऊन पडलो.

पहिले दोन दिवस लोकांनी खरं सांगितलं. एक म्हणाला, झोपतो. एक म्हणाला, पत्ते खेळतो. एक म्हणाला, बायको बोलते ते ऐकतो, आणि रांगेतले सगळे हसले. पण कोणीतरी बातमी उठवली की कागदावरून माणसं कमी करणार आहेत. झालं. तिसऱ्या दिवसापासून सगळं साचेखातं संत होऊन बसलं. जो तो भजन करू लागला. गेटासमोरच्या नाल्यावरच्या पुलियावर रोज ज्याला पत्ते पिसताना मी डोळ्यांनी बघत होतो, तोही म्हणाला, "भजन लिवा."

"कोणतं भजन म्हणता?"

"सगळेच म्हणतो जी."

एकाने पहेलवानी लिहायला सांगितली. मी त्याच्या दंडाकडे बघितलं. "जुनी हाये," तो म्हणाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मारबतीची मिरवणूक निघते त्या दिवशी आमच्याकडे निम्मे साचे बंद पडायचे. या माणसांचे महिना महिना आधीपासूनचे सगळे फावले तास बांबू आणि कागदाचे मोठे पुतळे, म्हणजे बडगे, उभे करण्यात गेलेले असायचे. त्यात गावातल्या प्रत्येक ईडापीडेची टवाळी असे. ते बडगे मी लहानपणापासून बघितले होते, खांद्यावर बसून आणि नंतर पायी. पण एकानेही कागदावर बडग्या लिहू दिला नाही. भजन, भजन, भजन. लिहून लिहून माझा हात आणि मन दोन्ही विटले. इतकं खोटं मी नोकरीत कधी लिहिलं नव्हतं, आणि टाइमकीपर थोडंफार खोटं लिहितोच.

शेवटी एकच कागद उरला. तो ज्याचा होता तो विणकर आमच्या मिलमधला सगळ्यात चांगला कामगार होता. पंचेचाळीशीचा, बुटका, कमी बोलणारा, टिमकी वस्तीतल्या हातमागवाल्यांच्या घरातला. बापाचा मागाचा धंदा बसल्यावर तो मिलमध्ये आला होता. मी खिडकीवर बसायला लागल्यापासून त्याला एकदाही उशीर झाला नव्हता. त्याच्या दोन साच्यांवरचं कापड फोल्डिंगवाले न उलगडताच पुढे सारतात, असं बोललं जाई. पण साडेतीनचा भोंगा झाला की तो थांबत नसे. बिल्ला घेऊन सगळ्यांच्या आधी गेटाबाहेर, आणि मी हाक मारेपर्यंत पुलियाच्या पलीकडे. साहेब मागे लागले होते, म्हणून एका दिवशी काम आटोपून मी कागद आणि शाई घेऊन त्याच्या घरी गेलो.

गल्लीतूनच माग ऐकू येत होता. मिलमधला साच्यांचा कल्लोळ नव्हे, एकच लाकडी आवाज, ठरलेल्या वेळाने. दाराशी उभा राहिलो तर आत जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून तो बसलेला, पायाखाली पावड्या, समोर ताणा. शेजारी त्याची बायको. करवतीच्या दातांसारख्या नक्षीचा काठ होता. त्या काठाला तीन धोटे लागतात. म्हणून एका बाजूने तो धोटा टाकी आणि दुसऱ्या बाजूने ती झेलून परत देई. दोघं बोलत होती. मिलमध्ये दिवसभरात चार शब्द न बोलणारा तो माणूस हसून काहीतरी सांगत होता आणि ती "मंग?" "मंग?" करत होती.

मला बघून ती उठली. तो म्हणाला, "अवं, बाबूले पाणी दे." आणि मला म्हणाला, "बसा जी. एवढी वीत पुरी करू द्या."

मी भिंतीला टेकून बसलो. तो एक वीतभर विणीपर्यंत किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मी दमून आलो होतो आणि तिथे बसल्याबसल्या माझा थकवा उतरला, एवढं आठवतं. कापड रेशीम आणि बारीक सुताचं, अंग मोतिया, काठ लाल. अजून अर्धंच झालं होतं.

"भाऊ, आठ तास साचे चालवून आल्यावर पुन्हा हेच?" मी विचारलं.

"हे आणि ते एक कुठं हाये बाबू?" तो म्हणाला. "तिथं साचा चालते, मी पायतो. इथं मी चालतो."

"विकता कुठे?"

"विकाले कोण बसते? पोरीची पहिली वेळ हाये. उमरेडले दिली तिले. बाळंतपणाले येईन तवा मायबापाचं लुगडं पाहिजे ना तिले." तो बायकोकडे बघून म्हणाला, "आन् आमची गोष्टी सांगाची जागा हेच. चुलीपाशी ही कावते, बाहेर मी बोलत नाही."

"मी कावते?" ती आतून म्हणाली. "तुमीच तर घरी आले का मागावर बसता."

मी कागद काढला. नाव, वय, शिक्षण. शिक्षण काही नाही. मग खालचा रकाना. तो म्हणाला, "बाकीच्यायनं काय लिवलं?" मी म्हटलं, भजन. तो हसला. "तुमी काय लिवलं?"

"वाचन."

"काय वाचता?"

त्याने खरोखर जाणून घ्यायला विचारलं होतं. त्याला वाचता येत नव्हतं, आणि वाचणाऱ्याकडे काहीतरी असेल असं त्याला वाटत होतं. मी म्हटलं, काही खास नाही. तो म्हणाला, "मंग माझं बी काही खास नोका लिवू."

तसं लिहिलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण मी गेटच्या खोलीत बसून आठवडाभर खोटं लिहिलं होतं आणि मला एक तरी खरं लिहायचं होतं. शिवाय माझं अक्षर चांगलं होतं, आणि ज्याचं अक्षर चांगलं त्याला जास्त लिहायची खोड असते. मी लिहिलं की हा कामगार मिलमधून आल्यावर रोज घरच्या हातमागावर बसतो, पत्नीच्या मदतीने करवतकाठी लुगडं विणतो, आणि मिलमधल्या त्याच्या निर्दोष कामाचं कारण बहुधा हेच असावं. रकाना पुरला नाही, म्हणून कागदाच्या मागे लिहिलं. त्याला वाचून दाखवलं. तो संकोचला, पण त्याला बरं वाटलं असावं. त्याने खाली अंगठा उमटवला. मी परत येताना इतवारीच्या बाजारापर्यंत पायी आलो. कित्येक महिन्यांत मी असा पायी चाललो नव्हतो. घरी येऊन चहा गरम असतानाच प्यालो, आणि बायकोला ते लुगडं कसं होतं ते सांगितलं.

आता माझी चूक सांगतो. मिलच्या नियमांची एक मोठी पाटी होती. कामगारांच्या घरी माग किंवा सूत असता कामा नये, असा तिच्यावर एक नियम होता. हातमागवाल्या घरांतली माणसं कामावर घेतली तर मिलचं सूत कमरेला गुंडाळून घरच्या मागावर जाईल, या भीतीने कोणा जुन्या मालकाने तो केला होता. तो कोणी पाळत नसे आणि कोणी तपासतही नसे. ती पाटी कुठे होती? माझ्या खोलीत, माझ्या खुर्चीच्या मागच्या भिंतीवर. येणाऱ्याजाणाऱ्याला ती रोज दिसे. मी तिच्याकडे पाठ करून बसे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त हात माझा होता आणि अवलक्षण दुसऱ्याच्या घरी गेलं.

साहेबांनी कागद वाचून मला शाबासकी दिली. "असं निरीक्षण हवं," म्हणाले. त्यांनाही नियम ठाऊक नव्हता. त्यांनी कौतुकाने तो कागद मॅनेजरला दाखवला, आणि मॅनेजरला नियम ठाऊक होता.

चौथ्या दिवशी विणकराला वर बोलावलं आणि मलाही. मॅनेजर टेबलामागे बसलेला, साहेब खिडकीशी, आम्ही दोघं उभे. मॅनेजरने त्याला विचारलं, सूत कुठून आणतोस?

"इतवारीतून जी."

"पावती?"

"पावती कोण देते साहेब? मिलचं सूत या कामाले चालतच नाही. जाडं हाये. त्याचं लुगडं कराले गेलो तर चवाळं होईन."

हे खरं होतं, आणि त्या खोलीत ते समजणारा तो एकटाच होता. मॅनेजर माझ्याकडे वळला. "तुम्ही डोळ्यांनी बघितलं? माग चालू होता?"

मी म्हणालो, "हो."

एवढंच म्हणालो. सूत मिलचं नव्हतं हे मी बघितलं होतं. रेशीम आमच्या मिलमध्ये कधी आलंच नव्हतं. ते माझ्या जिभेवर होतं. पण मॅनेजर चिडलेला होता, माझी नोकरी कच्ची होती, आणि मला वाटलं साहेब बोलतील. साहेबांना वाटलं असेल मी बोलेन. कोणीच बोललं नाही. आजही मध्येच तोंड धुताना, जेवताना, मला तो "हो" ऐकू येतो आणि स्वतःची शिसारी येते.

मॅनेजर म्हणाला, तू चांगला कामगार आहेस म्हणून चोरीचं म्हणत नाही. पण एक ठेव. माग तरी ठेव, नाहीतर साचे. सोमवारपर्यंत सांग.

आम्ही दोघं बाहेर आलो. जिना उतरताना मी म्हटलं, "भाऊ, मी मुद्दाम नाही केलं." तो म्हणाला, "मले मालूम हाये बाबू." मग दोन पायऱ्या उतरून म्हणाला, "तुमी वाचून दाखवलं तवा मलेच चांगलं वाटलं व्हतं. मी तवाच काहून 'नोका' म्हटलं नाही?"

साच्यांवर त्याचं घर चालत होतं, मागावर नाही. त्यामुळे निवड करण्यासारखं काही नव्हतंच. रविवारी साहेबांनी निरोप पाठवला, माग काढल्याची खात्री करून या, तुम्ही घर बघितलेलं आहे. मी बायकोला म्हटलं, मला बरं नाही, जात नाही. ती म्हणाली, "लिवाले गेले तवा बरे होते ना?" आणि माझा सदरा खुंटीवरून काढून हातात दिला.

गल्लीतून काही ऐकू येत नव्हतं. दारात गेलो तेव्हा माग उभाच नव्हता. लाकडं बांधून भिंतीशी ठेवलेली. खड्डा बुजवला होता आणि त्याची बायको तिथे शेणाने सारवत होती. नवीन मातीचा चौकोन बाकी जमिनीपेक्षा काळा दिसत होता. तिने मान वर न करता सांगितलं, "बाबू, पाय जपून ठेवा. वलं हाये."

मी काठाकाठाने आत गेलो. अर्धं लुगडं ताण्यासकट कापून घडी करून फळीवर ठेवलेलं होतं. तो म्हणाला, "लिवून घ्या, माग नाही." मी लिहिलं. या वेळी एकच ओळ लिहिली. त्याने अंगठा उमटवला. त्याच्या बायकोने हात धुऊन चहा केला आणि आम्ही तिघांनी तो घेतला. तिला मला शिव्या द्यायच्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. तिने साखर पुरे का एवढंच विचारलं. मुलगी महिनाभरात बाळंतपणाला आली. त्या अर्ध्या लुगड्याचं बाळासाठी दुपटं शिवलं, हे मला पुढे कळलं.

नंतरच्या महिन्यांत काय झालं ते मला माझ्या खिडकीतून दिसत होतं, आणि मला बघायचं नव्हतं तरी माझं कामच बघण्याचं होतं. साडेतीनला तो आता सगळ्यांच्या शेवटी निघे. गेटाबाहेर येऊन जरा उभा राही, कुठे जायचं ते आठवत नसल्यासारखा. मग पुलियावरच्या पत्तेवाल्यांच्या मागे उभा राहून खेळ बघू लागला. मग बसून बघू लागला. मग त्याच्याही हातात पत्ते आले. पावसाळा संपेपर्यंत तो तिथला रोजचा गडी झाला होता आणि अंधार पडायला लागल्यावर घरी जाई. एकदा मी विचारलं, वहिनी वाट बघत नाहीत का? तो म्हणाला, "घरी जाऊन काय करू जी? ती एका कोन्यात, मी एका कोन्यात."

त्याला पहिला उशीर झाला त्या दिवशी मी खिडकी लावायला थोडा वेळ लावला. दुसऱ्यांदाही लावला. पण कापडाला मी काय करणार? फोल्डिंग खात्यातून त्याचे ताके परत येऊ लागले. तुटलेलं सूत तसंच पुढे गेलेलं, कुठे फट, कुठे तेलाचा डाग. जॉबरने आधी समजावलं, मग शिव्या घातल्या. साहेबांच्या टेबलावर त्यांनी चौकटीच्या कागदावर रेघा ओढलेल्या असत. त्यांनी मला बोलावून त्याची रेघ दाखवली. "बघितलंत? पत्ते सुरू झाले आणि काम घसरलं. मी म्हणत होतो ते हेच."

मी त्या वेळी बोललो. उशिरा का होईना, बोललो. म्हटलं, "साहेब, पत्ते नंतर आले. आधी माग गेला."

साहेबांनी शांतपणे ऐकलं. ते म्हणाले, "माग हे काम झालं. आपण फावल्या वेळाबद्दल बोलतो आहोत." त्यांच्या कागदावर दोन वेगळे रकाने होते, एक कामाचा आणि एक करमणुकीचा, आणि त्या माणसाचं जे काही होतं ते दोन्हींच्या मधल्या रेघेवर बसलेलं होतं. मला हे तेव्हा असं सांगता आलं नाही. मी नुसता "बरं" म्हणून खाली आलो, खुर्चीवर बसलो, आणि मग उठून खुर्ची फिरवून पाटी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. तिथे बसायला लागल्यापासून पहिल्यांदा.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा कागद आले. या वेळी संबंध नोकरीशी होता आणि साहेबांनी तो लपवला नाही. एका माणसाने दोनाऐवजी चार साचे चालवायचे असं मालकांनी ठरवलं होतं. म्हणजे निम्मी माणसं लागणार. कोणाला ठेवायचं हे खराबीवरून आणि शेवटच्या रकान्यावरून ठरणार होतं. त्याची खराबी मोठी होती. पण जुनं काम जमेला होतं, आणि साहेब म्हणाले होते, तो काही सुधारला असेल तर बघू. पत्ते लिहिले तर तो गेलाच. ते त्यालाही ठाऊक होतं.

तो रांगेत शेवटी उभा राहिला. ऊन खिडकीच्या तारांवर आलेलं, माझ्या हाताला घाम. त्याने बिल्ला आत सरकवला. मी कागद घेतला, नाव लिहिलं, वय एकाने वाढवलं. शिक्षण काही नाही. गैरहजेरी जेवढी होती त्यापेक्षा कमी लिहिली. मग खालचा रकाना आला.

"भाऊ, काय लिहू?" मी विचारलं. "तुम्ही सांगाल ते लिहितो. भजन लिहू?"

त्याने मान हलवली. माझ्या डोक्यावरून त्याचं लक्ष मागच्या पाटीकडे गेलं, मग पुन्हा माझ्याकडे आलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"तुमी तुमचं लिवलं व्हतं ना बाबू," तो म्हणाला, "तेच लिवा. वाचन."

मी लिहिलं. एकच शब्द, चांगल्या अक्षरात. मग कागद फिरवून खिडकीतून बाहेर दिला आणि शाईची गादी पुढे सरकवली. त्याने डाव्या हाताचा अंगठा शाईत दाबला आणि 'वाचन'च्या खाली नीट उमटवला. साहेबांनी तो कागद पास केला.